अंघोळ लागली

आमच्या मावशीला आसपास कुणी नावाने ओळखत नाही. सगळे तिला झोपमावशी म्हणतात. ती झोपाळू आहे म्हणून नव्हे. ती पहाटे पाचला उठते आणि ती उठली की तिच्या भांड्यांच्या आवाजाने दोन मजले खाली आम्हीही उठतो, आमची इच्छा असो वा नसो. नाव पडलं ते कामावरून. ती नव्या बाळांना अंघोळ घालते, लोकांच्या, घरोघरी जाऊन, गेली एकतीस वर्षं. तिच्या हातची अंघोळ झालेलं बाळ असं झोपतं की शेजारी भिंत फोडली तरी पापणी हलत नाही.

माझी ती सख्खी मावशी, आईची थोरली बहीण. बाकी सगळ्यांची फुकटातली. पण फुकटातल्या भाच्यांचाच तोरा जास्त. रस्त्यात दाढीमिशा आलेले बाप्ये थांबवून सांगतात, मावशी, मलाही तुम्हीच न्हाऊ घातलंय हं. मावशी त्यांना वरपासून खालपर्यंत बघते आणि म्हणते की मानेच्या घड्या तेव्हाही धड धुऊ देत नव्हतास, अजून तसाच दिसतोस.

सकाळी सात ते अकरा तिची पाच घरं. दारात चपला काढता काढता तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, पाणी ठेवलंत का मीच ठेवू. ते अशा सुरात की घरातला पुरुषमाणूस हातातला चहा टाकून गॅसकडे पळतो. मग बाह्या वर, बुटकं स्टूल, पाय सरळ पुढे, नडग्यांवर बाळ. पाण्यात आधी कोपर घालते. बोटांवर तिचा भरवसा नाही. बोटं निर्ढावलेली असतात, कोपर खोटं बोलत नाही, हे तिचं वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. मुलगा असेल तर साहेब, मुलगी असेल तर बाईसाहेब. काय साहेब, रात्री आईला जागवलंत म्हणे, तक्रार आलीय तुमची. बाईसाहेब, मानेत काय लपवलंय बघू, दूध? चोरी पकडली. एकीकडे ही उलटतपासणी चालू आणि दुसरीकडे हात कानामागे, काखेत, जांघेत, जिथे जिथे घडी आहे तिथे तिथे. साबण नखावर मावेल एवढाच. पावडरीचा डबा दिसला की स्वतः उचलून वरच्या फळीवर ठेवते, कारण पावडर म्हणजे घड्यांमधला चिखल. आणि टॉवेलने कुणी खसाखसा पुसायला लागलं की त्या माणसाची धडगत नाही. टिपायचं, पुसायचं नाही. बाळ आहे की तवा, असं ती विचारते आणि उत्तराची वाट बघते.

म्हणजे कामात ती कच्ची नव्हती. हे मी मुद्दाम आधी सांगते.

अंघोळ झाली की बाळ गुंडाळून आईकडे द्यायचं आणि दाराशी पाच मिनिटं थांबायचं. बाळाची मूठ सैल पडली, तोंड किंचित उघडं राहिलं की मावशी म्हणायची, अंघोळ लागली. औषध लागतं, ऊन लागतं, तशी अंघोळ लागते. हे म्हटल्याशिवाय ती पायरी उतरायची नाही. आणि संध्याकाळी कुणी सांगितलं की आज अर्ध्या तासातच उठलं, तर तिचा चेहरा पडायचा. जेवताना मध्येच थांबून म्हणायची, आज हात चुकला.

तिला एकच मुलगी, आमची ताई. ताईचं लग्न होऊन आठ वर्षं झाली आणि तीन वेळा दिवस जाऊन राहिलं नाही. तिन्ही वेळा मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला लोकांच्या बाळांना अंघोळ घालायला गेली. कुणी विचारलं तर म्हणायची, पाणी तापलेलं असतं, वाया जातं.

चौथ्या वेळी बाळ आलं, पण सात आठवडे आधी. एक किलो सहाशे. हॉस्पिटलात ताई काचेबाहेर बसून राहिली, मावशी काचेला नाक लावून. तीन आठवड्यांनी एक किलो नऊशेचं झालं तेव्हा घरी सोडलं, आणि ताई बाळाला घेऊन मावशीकडे, तिच्या दोन खोल्यांत आली. भावोजी तिथून कामावर जायचे. भावोजी फार चांगले आहेत, पण त्यांच्याकडे एकच वाक्य आहे, ते म्हणजे बरोबर आहे. ताई म्हणाली खिडकी बंद ठेवू, तर बरोबर आहे. मावशी म्हणाली थोडी उघडू, तर तेही बरोबर आहे.

हॉस्पिटलने एक कागद दिला होता, तो ताईने कपाटाच्या दाराला चिकटवला. अडीच किलो होईपर्यंत अंघोळ नाही. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने एकेक भाग टिपायचा, बाकीचं अंग झाकलेलं. साबण नाही, तेल चोळायचं नाही. टोपी काढायची नाही. जमेल तितका वेळ आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं. आणि दर दोन तासांनी दूध, झोपलेलं असेल तर उठवून. मावशीने तो कागद हात मागे बांधून वाचला, समोरच्या दुकानाची पाटी वाचावी तसा. वाचून झाल्यावर म्हणाली की अक्षर चांगलं आहे.

एक आठवडा तिने कळ काढली. रोज पाच घरी विचारायचे, काय मावशी, नातवाची मजा आहे, घरातच झोपमावशी. ती म्हणायची, मजा म्हणजे काय. आणि घरी येऊन बाळाच्या पाळण्यापासून हातभर अंतरावर बसायची, दुकानाबाहेर उभं राहून काचेतली वस्तू बघतात तशी. हात मांडीवर असायचे, पण बोटं चालू असायची. एकतीस वर्षं तिने लोकांच्या नातवंडांवर हात चालवला तो याच एका दिवसासाठी, आणि तो दिवस कपाटावर चिकटवून ठेवलेला.

मग बाळाच्या मनगटांवर आणि घोट्यांवर पापुद्रे सुटायला लागले. ताईने हॉस्पिटलला फोन केला. त्यांनी सांगितलं की वेळेआधी आलेल्या बाळांची कातडी तशी सुटते, ओढू नका, चोळू नका, आपोआप जाईल. ताईचं समाधान झालं. मावशीचं व्हायचं नव्हतं. शेजारची एक बाई बघायला आली, बाळाचा पाय हातात घेऊन अय्या म्हणाली, एवढंच, आणि मावशी लाल झाली. त्या संध्याकाळी ती ताईला म्हणाली की माझ्या घरात माझ्या नातवाचं अंग जुन्या भिंतीसारखं सोलतंय आणि मी बघत बसू? एक अंघोळ, फक्त एक, मी सांगते त्या पाण्याने, त्या वेळेला.

ताई आवाज चढवणाऱ्यातली नाही. ती बाळाची टोपी सारखी करत म्हणाली, "आई, तू नऊशे बाळं न्हाऊ घातलीस ना? मग हे एक मला सोड."

भावोजी तोंड उघडणार होते, पण त्यांना कळलं की आज बरोबर आहे म्हणायची सोय नाही. ते पाणी प्यायला उठले.

त्यानंतर दोन दिवस मावशी बोलली नाही. म्हणजे बोलायची, पण मीठ दे, दार लाव, एवढंच. तिसऱ्या दिवशी, साडेअकराच्या सुमाराला, आईने दिलेला डबा घेऊन मी वर गेले. भावोजी कामावर. ताईने साडेदहाला बाळाला पाजलं होतं आणि बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून झोपली होती, तोंड उघडं, मोबाइल हातात. घरी आल्यापासून ती सलग दोन तास झोपली नव्हती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी ढकललं तर खिडक्या बंद, काच वाफेने पांढरी, आणि मावशी स्टुलावर, पाय पुढे. तिने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, मिळाली वाटतं परवानगी. मीही हसून ओठांवर बोट ठेवलं.

तिच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुरेख अंघोळ होती, हे मी शपथेवर सांगेन. एरवी अखंड चालणारं तोंड बंद होतं. साहेब नाही, तक्रार नाही, काही नाही. बाळ तिच्या दोन नडग्यांच्या मधल्या फटीत मावत होतं. तळहाताच्या ओंजळीतून पाणी, तेही असं की पडल्याचा आवाज नाही. पापुद्रे ओले होऊन आपोआप निघून वाहून गेले, तिने एकही ओढला नाही. बाळाने एकदा डोळे उघडले, आमच्याकडे पाहिल्यासारखं केलं आणि मिटले. रडलं नाही. आधी ते गुलाबी झालं, मग त्याच्या पोटावर आणि मांड्यांवर निळसर जाळी उमटली, पानाच्या शिरा दिसतात तशी. मावशी अगदी हळू म्हणाली, "बघ, रक्त फिरायला लागलं."

सहा मिनिटं. टिपलं, पुसलं नाही. दोन कापडांत गुंडाळलं. टोपी घातली नाही, कारण ओल्या डोक्यावर टोपी घालू नये हा तिचा नियम आहे. बाळाला तिने पाळण्यात ठेवलं, आणि त्याची मूठ सैल पडली, तोंड किंचित उघडं राहिलं. मावशीचे डोळे भरून आले.

साडेबाराला ताईचा गजर वाजला तेव्हा मी तिथेच होते. ताईने डोळे उघडले, पाळण्यात पाहिलं, आणि तिला टाळूवर चिकटलेले ओले केस दिसले. ती आईकडे बघत राहिली. ते बघणं मला दाखवता येणार नाही. मी प्रयत्न करून पाहिलाय. मावशी आधी पापुद्र्यांबद्दल बोलायला लागली, मग पाणी कसं होतं, खिडक्या कशा लावल्या, मग स्वतःच थांबली आणि पाळण्याकडे बोट करून म्हणाली, "तू त्याच्याकडे बघ ना. अंघोळ लागली गं."

आणि खरंच, घरी आल्यापासून ते बाळ कपाळाला आठी न घालता झोपलेलं आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. ताई म्हणाली की उठवायला हवं, दुधाची वेळ झाली. मावशी म्हणाली की गाढ झोपेत अंग भरतं, तू तरी त्याला सुखाने झोपू दे. ताईने कपाटावरच्या कागदाकडे पाहिलं. मग बाळाकडे. मग उशीकडे. त्या तिघांत उशी जिंकली, आणि याबद्दल ताईला कुणी बोल लावला तर त्याने आधी तेवढ्या रात्री जागून दाखवाव्यात. टोपी तेवढी तिने घातली. म्हणाली, अर्धा तास.

मी खाली जेवायला गेले. दोन वाजून गेल्यावर डबा न्यायला परत आले तेव्हा ताई तशीच झोपलेली होती, गजर दोनदा वाजून गप्प झालेला. मावशी न जेवता पाळण्याशी बसलेली, चेहऱ्यावर असं समाधान की आता मला काही नको. माझ्या चपलांच्या आवाजाने ताई दचकून उठली. तिचा शर्ट दुधाने भिजला होता. तिने बाळाला उचललं आणि बाळाचा हात लोंबला.

ताईने पाय चाचपले. मग तोंडाजवळ कान नेला. ओठांच्या कडेला शाई लागल्यासारखं दिसत होतं. ताईने त्याला हाक मारली, तळव्यावर टिचकी मारली, गालाला बोट लावलं. मावशी म्हणाली, झोपलाय गं. पुन्हा म्हणाली, झोपलाय, पण अर्ध्याच आवाजात. तिसऱ्यांदा तिचे ओठ हलले, आवाज आला नाही.

ताईने एका हाताने शर्टाची बटणं तोडली, बाळाची कापडं सोडली आणि त्याला उघडं आपल्या उघड्या छातीवर दाबलं, वरून माझा स्वेटर, वरून चादर. अनवाणी जिना उतरली. खाली टॅक्सी मिळाली. टॅक्सीवाला म्हणाला की तिकडे नाही जाणार, तिकडे गर्दी असते, आणि मग त्याने आरशात पाहिलं आणि गाडी सुरू केली. सगळ्या रस्त्यात ताई एकच गोष्ट करत होती, दर थोड्या वेळाने चादरीत तोंड घालून तोंडाच्या वाफेने बाळाच्या डोक्यावर फुंकर. मावशी पुढच्या सीटवर. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

हॉस्पिटलमध्ये बाळाला आत नेलं. थोड्या वेळाने एक डॉक्टर बाहेर आली, ताईहून लहान असेल, हातात पॅड आणि पेन. ती बाजाराची यादी वाचावी तशी बोलायची, खाली बघत, सगळ्या वाक्यांना एकच उंची. तिने सांगितलं की अंगाचं तापमान चौतीस, हवं साडेछत्तीसच्या वर, साखर फार खाली, गरम करणं चालू आहे, हळूहळूच करावं लागतं, आता नक्की काही सांगता येणार नाही. आणि मग विचारायला लागली. शेवटचं दूध कधी? साडेदहा. काही दिलं का बाहेरचं? नाही. अंघोळ घातली का?

"हो," ताई म्हणाली. "मी घातली."

मावशी बाकावर बसली होती. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. डॉक्टरने पाणी किती गरम होतं विचारलं. ताई म्हणाली, कोमट. किती वेळ? पाचेक मिनिटं. खोली बंद होती? हो. ताई मला वाटलं त्यापेक्षा चांगलं खोटं बोलत होती. मग डॉक्टरने, खालीच बघत, विचारलं की पाण्यात असताना बाळ रडलं का.

ताईला माहीत नव्हतं. डॉक्टरने पहिल्यांदाच मान वर केली आणि म्हणाली की हे नीट आठवून सांगा, आम्हाला त्यावरून कळतं केव्हापासून. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मावशीकडे पाहिलं.

"नाही रडलं," मावशी म्हणाली. "मी घातली अंघोळ. हिला माहीत नाही, ही झोपली होती. सहा मिनिटं. रडलं नाही म्हणून मला वाटलं, शहाणं आहे."

मग तिने सगळं सांगितलं, एका दमात, काही न गाळता. टोपी घातली नाही ते. निळी जाळी आली ते. अर्धा तास झोपू दे म्हटलं ते. डॉक्टरने सगळं लिहून घेतलं. ओरडली नाही. ओरडली असती तर मावशीला जरा बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली की बारक्या बाळाच्या अंगात चरबी नसते, कातडी पातळ, ओलं झालं की सगळी ऊब निघून जाते, आणि फार गार पडलं की ते रडत नाही, झोपतं. रडायलासुद्धा ऊब लागते.

मावशीने विचारलं, "म्हणजे झोपतात, ती त्यामुळे?"

डॉक्टर म्हणाली की सगळी नाही. धडधाकट बाळ अंघोळीने निवांत होऊन झोपतं, ते चांगलंच. पण ही झोप कुठली आणि ती कुठली हे बाहेरून सारखंच दिसतं. मावशीने विचारलं, मग ओळखायचं कसं. पाय बघायचे, डॉक्टर म्हणाली, आणि उठवून बघायचं. उठून दूध प्यायलं तर ठीक.

ती आत गेली. ताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मावशी बोटांवर काहीतरी मोजत होती, आणि एका बोटावर येऊन ती उठली आणि चालायला लागली. मला वाटलं पाणी प्यायला. ती जिना उतरून रस्त्यावर आली तेव्हा मी धावत गाठलं. ती म्हणाली, "जुळ्यातली धाकटी. दोन किलोसुद्धा नाही. सकाळी आठला घातली."

साडेचार वाजले होते. वाटेत तिची आणखी दोन घरं होती, ती तिने सोडली नाहीत. पहिल्या घरातल्या आजीबाईंना वाटलं की मावशी दुसऱ्यांदा अंघोळ घालायला आली, त्या खूश होऊन पाणी ठेवायला निघाल्या. मावशीने सरळ आत जाऊन झोपलेल्या बाळाला उचलून बसवलं. ते इतकं चिडलं की चेहरा वांग्यासारखा जांभळा. आजीबाईही चिडल्या, तासभर झुलवून झोपवलं होतं, तुम्हीच झोपवता आणि तुम्हीच उठवता, हा काय चावटपणा. दुसऱ्या घरी दार वडिलांनी उघडलं, कानात फोन, कुजबुजत म्हणाले की बाळ झोपलंय, नंतर या. मावशी त्यांच्या हाताखालून आत. तिथूनही रडण्याचा आवाज आला आणि मावशी बाहेर आली, चेहऱ्यावर काहीच नाही, पुढे.

जुळ्यांचं घर चौथ्या मजल्यावर. त्यांच्या आईने दार उघडलं, हसली, आणि म्हणाली, "हळू हं मावशी. आज चांगली लागलीय, तुमच्या भाषेत. धाकटी तर सकाळपासून झोपूनच आहे."

मावशी चपला न काढता आत गेली. थोरली हातपाय हलवत छताकडे बघत होती. धाकटी भिंतीकडे, गुंडाळलेली. मावशीने तिचे पाय सोडले, दोन्ही तळवे आपल्या गालाला लावले. मग तळव्यावर टिचकी. काही नाही. पुन्हा टिचकी. बाईसाहेब, ती म्हणाली. पुन्हा. "बाईसाहेब, उठा. उठा ना, तुम्हाला हात जोडते." आई मागून विचारत होती काय झालं, काय झालं काय. तिसऱ्या की चौथ्या टिचकीला त्या एवढ्याशा तोंडाचा कोपरा वाकडा झाला, आणि मग ती रडली, मांजरीच्या पिल्लासारखी, बारीक, पण रडली. मावशीने तिला आईच्या शर्टाच्या आत सरकवलं, पाजायला सांगितलं आणि पिते की नाही ते गुडघ्यांवर बसून बघत राहिली. प्यायली. थांबत थांबत, पण प्यायली.

मग मावशीने तिच्या आईला सांगितलं की अडीच किलो होईपर्यंत हिला अंघोळ नाही, फक्त टिपायचं, टोपी काढायची नाही, दर दोन तासांनी उठवायचं, आणि आत्ता लगेच हॉस्पिटलमध्ये दाखवून या. त्या बाईने विचारलं की म्हणजे इतके दिवस तुम्ही करत होता ते चूक होतं?

"हो," मावशी म्हणाली.

त्या बाईने मग जे ऐकवलं ते मी शब्दन् शब्द म्हणून दाखवू शकते, पण दाखवणार नाही. मावशीने सगळं ऐकून घेतलं. उतरताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसली. मला वाटलं दमली.

"एक होतं," ती म्हणाली. "बारा वर्षांपूर्वी. असंच बारकं. अंघोळ घालून मी आले, ते झोपलं ते उठलंच नाही. लोक म्हणाले, नशीब. मी भेटायला गेले तर त्याच्या आईला काय म्हणाले माहितीये? म्हटलं, जाताना अंघोळ तरी चांगली लागली होती त्याला."

ते बाळ अंघोळीनेच गेलं का, कुणाला ठाऊक. आता कळणार नाही. मावशी तिथे किती वेळ बसली ते मी मोजलं नाही. वरून जुळ्या रडत होत्या, दोघीही.

आम्ही परत हॉस्पिटलला गेलो तेव्हा भावोजी आले होते. ताईने विचारलं, तू कुठे गेली होतीस. मावशी म्हणाली, उठवायला. ताईने भावोजींकडे पाहिलं. ते काही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला एक नर्स भेटली, ती बाळांबद्दल सगळं आपण-आपण करून बोलायची. ती काचेचं दार ढकलून बाहेर आली आणि म्हणाली, "चला, आपण रडलो बरं का. अगदी बेंबीच्या देठापासून." ताई आत धावली. मावशीही उठली, दोन पावलं गेली, आणि दारापाशी थांबली.

बाळ बारा दिवसांनी घरी आलं. ताईने मावशीला एकदाच सांगितलं, की मी म्हणेपर्यंत तू त्याला हात लावायचा नाही. मावशी हो म्हणाली. मधल्या काळात पाचातली तीन घरं सुटली होती; लोक म्हणायचे की म्हातारीचं डोकं फिरलं, झोपलेली बाळं उठवत फिरते. जुळ्यांच्या आईने सगळीकडे सांगितलं, आणि तिने सांगितलं ते खरंच होतं.

आता बाळ साडेतीन किलोचं आहे. ताई स्वतः अंघोळ घालते, थर्मामीटर लावून, सगळं नीट, कागदाबरहुकूम. मावशी तेव्हा स्वयंपाकघरात बसते, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. बाळ पाण्यात गेलं की भोकाड पसरतं, पहिल्या मजल्यावर आम्हाला ऐकू येतं, आणि ताई आतून समजावते, झालं रे राजा, झालं, रडू नको.

"रडू दे," मावशी बाहेरून म्हणते.

ताई आतून दार लावून घेते. वारा येतो म्हणून, असं ती म्हणते.